महागू सुतारानं विचारलेलं 'बस'

खोटं वाटत असन तर वाचू नका. मले कोणाले पटवायचं नाई. पण हे माह्यासंग घडलं, अन् तेही रात्री-बेरात्री नाई... भर दुपारी तीन वाजता, हजार माणसांसमोर.

मी भोजराज. कटंगीच्या बाजूले आमचं गाव आहे. यंदाच्या माघातली गोष्ट. आमच्या गावच्या पटात मी छकडा हाकत होतो. पट म्हणजे बैलांची शर्यत.

छकड्याचं चाक निघू नये म्हणून आखाच्या टोकात लोखंडी खीळ ठोकतात. आमच्या गावात ते काम महागू सुताराचं. म्हातारा पक्का हट्टी! हातोडी सुरू केली का आपल्या मनानं थांबायचा नाई. छकडा हाकणाऱ्यानं 'बस' म्हणलं, तरच थांबणार.

"जीव तुया आहे लेका. तूच सांग," म्हणे.

पटाच्या आठ दिवस आधी तो माह्या आंगणात खीळ ठोकत होता.

ठक... ठक... ठक...

मी मोबाईल पाहत होतो. 'बस' म्हणाचं राहूनच गेलं.

तितक्यात आवाज थांबला.

पाहतो त म्हातारा चाकाले टेकून पडलेला. गाडी करून बालाघाटले नेलं. रात्री गेला बिचारा. त्या धावपळीत खिळीकडं कोण पाहते? माती झाली, तेरवी व्हायचीच होती, अन् पटाचा दिवस उगवला. मीही तसाच छकडा जुंपला. गाढवपणा माह्याच!

झंडी पडली. भुऱ्या अन् टायगर असे सुटले का डोळ्यात पाणी आलं.

अर्ध्यात गेलो अन् डावं चाक डगमगलं.

खाली पाहलं...

आखाचं भोक रिकामं होतं. खीळच नाई!

त्या वेगात चाक निघालं असतं त माणूस उरत नाई. मी देवाचं नाव घ्यायले गेलो, पण तोंडातून पौर्णिमेचं, माह्या बायकोचं नाव निघालं.

अन् तेव्हा आवाज आला.

ठक... ठक... ठक...

बैल उधळलेले, लोक बोंबलून राह्यले, अन् तो आवाज कसा निवांत. आंगणात यायचा तसाच.

चाक सरळ झालं.

शेवटपर्यंत सरळ राह्यलं.

बैल थांबले तवा मी खाली उतरलो. मांगून माह्या साळा पवन धावत आला. त्याच्या हातात खीळ होती.

"भाऊजी, हे त सुटतानीच पडली! तुमी आले कसे?"

त्यानं चाकाले नुसतं बोट लावलं.

चाक धप्पकन बाहेर येऊन पडलं.

 

संध्याकाळी महागूच्या घरी गेलो. त्याची बायको, शांताकाकू, भिंतीले टेकून बसली होती. तिले सारं सांगितलं. ती रडली नाई, घाबरलीही नाई.

"दवाखान्यात पलंगाच्या लोखंडावर बोटं आपटत होते," ती म्हणाली. "ठक, ठक. मले विचारलं, भोजराज 'बस' म्हणला का? मी कशाले खोटं बोलू? नाई म्हणलं."

"मंग?"

"मंग थांबता येत नाई, म्हणे."



त्या दिवसापासून पट सोडला. छकडा मोडून टाकला. वाटलं, संपलं.

पण तिसऱ्या दिवशी पोरीले, श्रुतिकाले, मोटरसायकलवर शाळेत सोडाले गेलो अन्... मांगच्या चाकातून...

ठक... ठक... ठक...

कटंगीत मेकॅनिकले दाखवलं. तो हसला. "भैया, पहिया एकदम ओके है." ओके है म्हणे! त्याले ऐकूच येत नव्हतं.

श्रुतिकाले येते. परवा म्हणाली, "बाबा, गाडीत कोण ठोकून राह्यलं?"

पौर्णिमा मांगं लागली आहे. "अवो, म्हणून टाका ना एकदा बस! म्हाताऱ्याले सुटू द्या."

तिचंही खरं आहे. मेल्यावरही त्यानं माह्यासाठी राबावं काहून? मले लाज वाटते, रात्र-रात्र झोप येत नाई. पण मी 'बस' म्हणलं, अन् दुसऱ्या दिवशी पोरगी मांगं बसली असतानी चाक निघालं त?

म्हणून तो शब्दच सोडला. पाहुणा आला त 'टेका' म्हणतो. लोक हसतात. हसू द्या.

काल दुपारी जेवत होतो. आंगणात मोटरसायकल उभी होती. बंद होती, तरी आवाज सुरूच. पौर्णिमा भात वाढून राह्यली होती. मी ताटावर हात आडवा धरला.

ती चिडली. "तोंडानं सांगा ना. बस का?"

आंगणातली ठकठक थांबली...

तो वाट पाहत होता, मी काय म्हणतो त्याची.

मी ताटावरचा हात काढला.

"वाढ," म्हणलं.

ठक... ठक... ठक...