जिन्यातला डबा

काम एवढंसंच होतं. जिना चढायचा, वरच्या डब्याचं बटन बंद करायचं, जरा थांबायचं, पुन्हा चालू करायचं.

मे महिन्यातला शेवटचा रविवार, रात्रीचे साडेदहा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झालेला आणि नागपुरात जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीत पानही हलत नव्हतं. आई, माझा भाऊ साहिल, मी आणि शेजारचे रुपरावकाका, अशी चौघं ओट्यावर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवरूनच. आणि नेट पाच मिनिटं यायचं, पाच मिनिटं जायचं. राउटर बंद-चालू करून झाला, वायर काढून फुंकून लावून झाली. शेवटी नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, डबा तर तुमच्याच घरी आहे. बंद करून चालू करा ना."

अख्ख्या गल्लीला ज्यातून नेट जातं तो हा डबा. त्याला वीज कुणाच्या तरी घरातून द्यावी लागते आणि जो देईल त्याला नेट फुकट. गेल्या दिवाळीपासून तो आमच्या जिन्याच्या टोकाला, गच्चीच्या दाराशी लावला होता. फुकट म्हटल्यावर आई नाही कशाला म्हणेल!

"आई, जा ना वर जरा," मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाले.

आई उठली. काकांनी हात आडवा केला.

"बसा वहिनी. सकाळी पाहजा."

"काहून?" मी विचारलं.

"असंच."

असंच! आमच्याकडच्या मोठ्या माणसांकडे सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर असतं. रात्री नखं का कापायची नाहीत? असंच. मुलीनं एवढं का शिकायचं नाही? असंच. माझं डोकंच फिरलं.

"काका, कारण सांगा. नाहीतर मी चालली वर."

काकांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "धम्मदीप आठवते का तुले? माझ्या घरी भाड्यानं राहे तो?"

आठवत होता. नेट दुरुस्त करणारा, हसरा, मोटारसायकलवर वायरचं भेंडोळं घेऊन फिरणारा. गेल्या वर्षी अचानक खोली सोडून गेला होता.

"त्याच्यावर बेतली ती गोष्ट आहे," काका म्हणाले. "मनाची नाही सांगत."

तेव्हा डबा मागच्या बोळात कांताबाईच्या घरी होता. कांताबाई एकटीच राहायची. भिवापुरी मिरची कांडून तिखट विकायची. तिची बोटं कायम लाल आणि त्या बोटांनी डब्याचं पांढरं बटनही लाल झालेलं. नेट अडकलं की धम्मदीप स्वतः जायचा नाही. नेटवाली पोरं कुठे जातात? ज्याच्या घरी डबा, त्याला फोन. "आजी, जरा बंद करून चालू करा." कांताबाई सत्तरीची. तिच्या जिन्याला कठडा नव्हता. ती भिंत धरत चढायची, बटन दाबायची आणि वरूनच फोनवर विचारायची, "आलं का गा?"

धम्मदीप म्हणायचा, "आलं, आजी. या खाली."

"तो म्हणेपर्यंत ते उतरे नाही," काका म्हणाले. "एकदा उतरली अन् पुन्हा चढा लागलं. तवापासून वरच उभी राहे."

"मस्त कस्टमर केअर आहे," साहिल म्हणाला. मी हसले. काका नाही हसले.

एप्रिलमधली एक रात्र. धम्मदीप मावसबहिणीच्या लग्नाला भिवापूरला निघाला होता. बसस्टँडवर असतानाच गल्लीतून तक्रार आली. त्यानं नेहमीप्रमाणे कांताबाईला फोन लावला. ती चढली. बटन दाबलं. "आलं का गा?" तेवढ्यात बस लागली, धक्काबुक्की सुरू झाली. त्यानं फोन खिशात टाकला.

"सांगितलंच नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

आठ दिवसांनी तो परत आला. गल्ली वैतागलेली. रोज रात्री नेट जायचं, यायचं. जायचं, यायचं. त्यानं खाटेवर पडल्या पडल्या कांताबाईला फोन लावला. घंटी वाजली. फोन उचलला गेला.

"आजी, झोपल्या होत्या का? जरा डबा पाहता का?"

उत्तर नाही. नुसता श्वास. मग चप्पल ओढल्याचा आवाज. एक पायरी... मग दुसरी... खट्. नेट आलं. धम्मदीपला झोप येत होती. तो तसाच झोपला.

सकाळी लग्नातले लाडू द्यायला गेला तर घराला कुलूप. शेजारच्या जिजाबाईनं विचारलं, "कोणाले लाडू आणले गा? कांताबाई गेली ना. जिन्यावरून पडली. फोनचेही तुकडे तुकडे झाले."

"कधी?"

ज्या रात्री तो बसमध्ये चढला, त्याच रात्री.

साहिलनं फोन पालथा ठेवला.

त्या रात्री धम्मदीपचा फोन वाजला. कांताबाईचा नंबर. त्यानं उचलला नाही. गल्लीचं नेट सकाळपर्यंत बंद. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी नेटवाल्यानं सांगितलं, डबा काढून आण, नाहीतर कामावर येऊ नको. किल्ली जिजाबाईकडे आणि ती स्वयंपाकाची कामं आटोपून परतायची रात्री. त्यामुळे अकरा वाजता तो त्या घरात शिरला. एकटाच.

काकांचा आवाज खाली आला होता.

"जिन्याच्या मधात पोचला. वरून आवाज येऊन राहिला होता. खट्... खट्... खट्."

"लूज कनेक्शन," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

"त्याचा फोन खिशात होता. वाजला नाही. त्यानं उचललाही नाही. तरी खिशातून आवाज आला... आलं का गा?"

काकांनी बोट वर केलं.

"अन् तोच आवाज... वरूनही."

गल्लीत कुत्रंही भुंकत नव्हतं.

"त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. आलं, आजी. या खाली."

"मग?" आईनं विचारलं.

"मग खट् बंद झालं."

...

"मग चप्पल वाजली. उतरून राहिली होती. हा मधात. एका बाजूनं भिंत. दुसऱ्या बाजूनं काहीच नाही. सरकाव कुठं? तो भिंतीले चिकटला. डोळे मिटले. पहिले ठसका लागला. मिरचीचा. मग खांद्यावर वजन आलं. म्हातारी बाई पायरी उतरताना कोणाचा खांदा धरते ना... तसं."

"आणि?"

"अन् काही नाही. वजन गेलं. चप्पल खालच्या पायरीपर्यंत ऐकू आली. पुढं नाही."

धम्मदीपनं डबा काढला, नेटवाल्याच्या दारात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी नागपूर सोडलं.

"तोच डबा?" आईनं हळूच विचारलं. काकांनी आमच्या जिन्याकडे पाहिलं फक्त.

इतक्यात साहिलचा फोन टिणटिणला. मग माझा. अडकलेले सगळे मेसेज एकदम आले. लॅपटॉपवरचं गरगरणारं चक्र नाहीसं झालं.

नेट आलं होतं. आम्ही चौघंही ओट्यावर होतो.

आईनं पदर गळ्याभोवती घेतला होता. तिचा चेहरा पाहून मला काकांचा भयंकर राग आला. उद्या माझी मुलाखत आणि हे म्हातारे असल्या गोष्टी सांगून बायकांना घाबरवणार! मी फोनचा टॉर्च लावला.

"मिनल, नको वं," काका म्हणाले.

मी गेले. आमच्याही जिन्याला अजून कठडा बसलेला नाही, तरी ताडताड चढले. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. मी टॉर्च बटनावर धरला. पांढरंशुभ्र! एक डाग नाही. मला हसूच फुटलं. वरूनच ओरडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं,

"आलं, कांताबाई! या खाली!"

खाली कुणीही हसलं नाही.

मी उतरले. हळू नाही, घाईनं नाही, नेहमीसारखी. ओट्यावर येऊन काकांसमोर उभी राहिले. "पाहिलं? काही नाही तिथं."

काका माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे, जिन्याच्या शेवटच्या पायरीकडे बघत होते.

"थांब," आई म्हणाली. "खांद्याले काय लावून आली वं?"

मी पांढरा कुर्ता घातला होता. आईनं बोटानं पुसलं. बोट दिव्याखाली धरलं.

मग तिला ठसका लागला.