कठड्यावरची घासलेली जागा

साहेब येणार म्हणून सांडपाण्याच्या विहिरीचा लोखंडी पाईपांचा कठडा पिवळा करायचा होता. पाणी साफ होतं की नाही हे साहेबाला पाहायचं नसतं, कठडा तेवढा चमकला पाहिजे. उकंडानं सकाळी कुंचला फिरवला, दुपारी येऊन पाहतो तर एका जागी रंग गेलेला. चार बोटं रुंद, पाईपाभोवती गोल, लोखंड चकचकीत. तीन दिवसांत तिसऱ्यांदा.

गावाचं सगळं मोरीचं पाणी कपाशीच्या वावरांजवळच्या या विहिरीत पडतं. तिथून पंप ते टाक्यांत ओढतो. पंपापुढची जाळी तुंबली की माणूस उतरवतात. उतरवू नये असा कायदा आहे, तो कपाटात आहे. माणसाच्या कमरेला दोर, वर दोर धरून दुसरा माणूस. पंपाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोरानंच बोलायचं. खालून एक झटका आला, म्हणजे बरा आहो. दोन आले, म्हणजे ओढा.

मागच्या पोळ्याच्या आधी उकंडाचा जावई धम्मरत्न उतरला होता. वर उकंडा. झटके येत होते, एकेकच. उकंडाला तलफ आली. त्यानं दोराचे दोन वेढे कठड्याला दिले, गाठ मारली अन् फाटकापाशी अय्यूबच्या टपरीवर गेला. एक कप चहा, बस. परत आला तर दोर ढिला पडलेला. विहिरीतल्या वायूनं माणूस गेला होता.

पोरीला, साधनाला, त्यानं सांगितलं की दोर माझ्या हातातच होता, झटका आलाच नाही, त्याले कळलं पण नाही. माहेरी परत आलेली साधना त्या एका बोलावर जगत होती. त्याच बोलामुळं तिला झोप लागायची.

उकंडा चौथ्यांदा रंग देत होता तेव्हा ती डबा घेऊन आली. तेवढ्यात लाईन गेली. पंप थांबला. इतकी शांतता त्या जागी कधी नसते. खालून कुजक्या अंड्यांसारखा वास वर आला, अन् त्याच्यासोबत आवाज.

खर्र… खर्र.

ओला रंग पाईपावरून आपोआप सरकला. थोडा वेळ गेला. पुन्हा खर्र… खर्र.

"बाबा, हे काहून घासून राह्यलं?"

"गंज असन."

साधनानं घासल्या जागेवर हात ठेवला. तिला दोराचं बोलणं माहीत होतं, नवऱ्यानंच शिकवलं होतं.

"दोन," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "पुन्हा दोन… दोर तुमच्या हातात होता नं, बाबा?"

उकंडाच्या तोंडात खोटं तयार होतं. वर्षभराचं तयार होतं. पण जीभ उचलली नाही.

"नाही, माय… बांधून गेलतो. चहा प्यायले."

ती रडली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं कठड्याला पाय टेकले, रिकाम्या हवेत दोन्ही मुठी वळल्या अन् ओढायला लागली. दंडाच्या शिरा टरारल्या, धाप लागली. हातात काहीच नव्हतं, तरी ती एकेक हात मागं घेत होती. लाईन आली, पंप सुरू झाला, तेव्हा थांबली. तळव्यांची सालं निघाली होती. सालांत काळा गाळ होता. हाताला पिवळा रंग कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब पाहून गेले. उकंडानं पुन्हा दिलेला रंग त्या जागी टिकला होता, आजही आहे.

त्या संध्याकाळी कांताबाईनं लेकीपुढं चहा ठेवला. साधना उजवी मूठ घट्ट आवळून बसली होती, कालपासून उघडली नव्हती. बशीतल्या चहावर साय धरली तरी ती हलली नाही. मग तिचं मनगट पुढं ओढलं गेलं. एकदाच. तिच्या चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी, थोडं हसू आलं.

"घे नं पोरी, थंडा होते," कांताबाई म्हणाली.

साधनानं उकंडाकडं पाहिलं.

"नको, आई. माह्या हातात दोर आहे."