डावीकडे वळणारा आरसा

तुम्ही मघापासून त्या गाडीला शिव्या घालताय, म्हणून आठवलं. एरवी ही गोष्ट मी अंधार पडल्यावर काढत नाही. आणि हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, ते आधीच सांगून ठेवतो. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकजण राहायचा, त्याचं हे. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, म्हणून सगळे त्याला फोटोग्राफर म्हणत. सरळ माणूस. जरा तापट, पण थापा मारणारा अजिबात नाही.

जानेवारीची एकोणीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी सहाला ड्यूटी संपली आणि तो तसाच बहिणीकडे निघाला. काम साधंच होतं. बायको ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी तीन दिवस बाहेरगावी, म्हणून साडेसहा वर्षांची लेक आत्याकडे ठेवलेली. शुक्रवारी शाळेत वर्गाचा फोटो होता. लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, फोटोत मी नसले ना, तर मी तुझ्याशी कट्टी." चाळीस किलोमीटर जायचं, पोरीला घ्यायचं, परत यायचं. बस.

पण गाडीत बसल्या बसल्या त्याचा पारा चढला. कारण आरसा परत वळलेला होता.

आता हे आरशाचं काय ते सांगतो. गाडी त्याने सहा महिन्यांपूर्वी घेतली होती, जुनी. एका बाईंच्या वापरातली, अंगावर एक ओरखडा नाही, इंजिन घड्याळासारखं. घेतली तेव्हा बिल्डिंगभर पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आठवड्याभरात कुरकुर सुरू झाली. ड्रायव्हरच्या डोक्याजवळ, मधोमध असतो तो आरसा. रात्री सरळ करून ठेवावा आणि सकाळी बघावं, तर डावीकडे वळलेला. मागची काच दिसायच्या ऐवजी मागच्या सीटचा डावा कोपरा दिसायचा. रोज तोच कोपरा. बोटभरही इकडेतिकडे नाही.

तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री म्हणाला, "आरशाच्या पाठीला गोळी असते साहेब. ती सैल झाली की आरसा मान टाकतो."

"मान टाकली तर खाली बघेल ना? हा डावीकडे बघतो."

मिस्त्रीने गोळी आवळली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी परत डावीकडे. मग काय, सल्ल्यांना ऊत आला. गाडी एकाची आणि अक्कल सगळ्या बिल्डिंगची. तळमजल्यावरचे रिटायर्ड बस ड्रायव्हर म्हणाले, "ऊन लागतंय, सावलीत लाव." सावलीत लावली, तर पक्ष्यांनी छत रंगवलं आणि आरसा होता तसाच. मेव्हणा म्हणाला, "कंपनीत नेऊन अपडेट मारून घ्या."

"आरशाला?"

"हल्ली सगळ्यालाच असतं, दाजी."

गाडी पुसणाऱ्याला त्याने फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "मी आत हात घालू कसा? चावी तुमच्या खिशात असते." दुसऱ्या दिवसापासून त्याने ही गाडी पुसणंच सोडलं. बायको म्हणाली, "तूच वळवतोस आणि विसरतोस. तुझं लक्ष असतं कुठे?" कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तीन तास सोफ्यावर बसवून, दोनदा गुळचट चहा पाजून, टाय लावलेल्या पोराने त्याला सांगितलं, "सर, आमच्यासमोर प्रॉब्लेम येत नाहीये." कसा येईल? डॉक्टरसमोर दुखणं पळतं, तसलीच ही गत. शेवटी त्याने आरसाच बदलून घेतला. नवा कोरा. तोही तिसऱ्या दिवशी डावीकडे.

मार्करने त्याने समोरच्या काचेवर आरशाच्या कडेने रेघा मारल्या. सकाळी रेघा एकीकडे, आरसा एकीकडे.

एकदा तर जिवावर बेतलं. चालत्या गाडीत त्याने मागचं बघायला नजर वर केली, तर पुन्हा ती रिकामी सीट. न बघताच त्याने लेन बदलली आणि एक मोटरसायकलवाला अगदी दाराला घासून निघाला. हात टेकले त्याने. ज्या डीलरकडून घेतली त्याच्याशी जाऊन भांडला. डीलर म्हणाला, "त्या बाईंच्या भावाने गाडी विकायला आणली. आरशाचं काही बोलला नाही. पाहिजे तर नंबर देतो, तुम्हीच विचारा." नंबर घेतला, पण फोन काही केला नाही. विचारायचं तरी काय? तुमच्या ताईंचा आरसा डावीकडे का बघतो म्हणून?

तर असा त्या गुरुवारी तो आधीच वैतागलेला. बहिणीकडे जेवला. लेकीचं दप्तर डिकीत टाकलं, तिला मागे बसवून पट्टा लावला. ती बसली डाव्या बाजूला. नेहमी तिथेच बसायची ती, त्या खिडकीतून आत्याला हात करता येतो म्हणून. नऊला दहा मिनिटं कमी असताना गाडी निघाली.

गाव सुटलं. पहिली दहा-बारा मिनिटं लेकीची टकळी चालू. आत्याकडच्या मांजरीने काय केलं, दादाने तिची पेन्सिल कशी लपवली. याचं लक्ष निम्मं रस्त्यावर, निम्मं आरशावर. सरळ केला की दोन मिनिटांत डावीकडे.

"बाबा, आरसा माझ्याकडे बघतोय."

"बघू दे. तू झोप आता. सकाळी फोटोत डोळे मिटलेले दिसतील."

"मला झोप नाही आली. मी खेळतेय."

"मग आवाज न करता खेळ."

ती गप्प झाली. त्याला बरं वाटलं. खरं सांगतो, पुढे कितीतरी दिवस हेच त्याला खात होतं, की ती गप्प झाली आणि आपल्याला बरं वाटलं.

नऊ वाजून वीस मिनिटं. पुलापाशी दिवे संपतात आणि पुढे दोन्ही बाजूंना नुसती झाडं. मागे एक ट्रक लागला होता, त्याचा उजेड गाडीत येत होता. याने ट्रक बघायला नजर वर केली. आरशात लेकीचा गुडघा. याने आरसा सरळ केला. हात स्टिअरिंगवर येतो न येतो, तोच आरसा वळला. पुन्हा सरळ केला. पुन्हा वळला. या वेळी त्याच्या डोळ्यांदेखत.

ट्रक हॉर्न देऊन पुढे निघून गेला. रस्ता रिकामा झाला.

त्याने आरसा धरूनच ठेवला. एका हाताने गाडी, दुसऱ्या हाताने आरसा. आणि तेव्हा त्याला कळलं, की गोळी सैल वगैरे काही नाही. आरसा त्याच्या बोटांखाली जोर करत होता. तुम्ही दार लोटताय आणि पलीकडून कोणीतरी लोटतंय, तसा. घाईघाईने. वरचेवर.

भीती वाटायला हवी होती. पण सहा महिन्यांचा राग साठलेला होता ना. तो दात-ओठ खाऊन म्हणाला, "पुरे झालं तुझं," आणि त्याने आरसा उपटला. कडकन आवाज होऊन तो काचेवरून सुटून हातात आला. बाजूच्या सीटवर त्याने तो फेकून दिला. बाहेरचे दोन आरसे आहेत की. तेवढ्यावर जाऊ घरी.

गाडीत शांत झालं.

किलोमीटरभर गेला असेल. नऊ वाजून सत्तावीस मिनिटं, समोरच्या घड्याळात त्याने पाहिलं होतं. सहज त्याची नजर बाजूच्या सीटवर गेली. आरसा उताणा पडला होता. काच वर.

त्यात गाडीचं छत दिसायला हवं होतं.

छत नव्हतं.

मागच्या सीटचा डावा कोपरा होता. आणि त्या कोपऱ्यात त्याची लेक. मान एका बाजूला. डोळे उघडे. ओठ…

एक्स-रेच्या टेबलावर त्याने तसे ओठ पाहिले होते. रंग ओळखीचा होता.

"चिमणे…"

उत्तर नाही.

"चिमणे, बाळा…"

त्याने ब्रेक दाबला. गाडी वेडीवाकडी थांबली. तो मागचं दार उघडायला धावला. पट्टा तिच्या गळ्याभोवती होता. दोन वेढे. खेळता खेळता ओढून घेतले होते तिने. हात खाली पडलेले. त्याने पट्ट्याच्या कुलपाचं बटण दाबलं. पट्टा सुटला, पण गळ्यावरचा सैल होईना. ओढला, की आतून आणखी घट्ट. बोट शिरेना. काही शिरेना.

पुढे ड्यूटीची पिशवी होती. पिशवीत बँडेज कापायची कात्री. ती आणायला चार पावलं. तो सांगायचा, ती चार पावलं आयुष्यात कधी संपली नाहीत.

कापला पट्टा.

काही नाही.

काही नाही…

मग ती खोकली.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या माणसाला विचारा. रस्त्याच्या कडेला मातीत बसून तो पोरीला छातीशी धरून ढसाढसा रडला. नंतर तिला मांडीवर घेऊनच, एका हाताने गाडी चालवत, स्वतःच्याच हॉस्पिटलात पोचला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तपासलं. गळ्यावर वळ, आवाज बसलेला, डोळे लाल. बाकी पोर धड होती. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अजून मिनिटभर गेलं असतं तर मी काही करू शकले नसते. तुम्हाला गाडी चालवताना कळलं कसं?"

तो लेकीच्या खाटेकडे वळला. आरशाचं काय सांगणार?

शुक्रवारचा फोटो अर्थातच हुकला. बायको सकाळच्या गाडीने धावत आली. आणि दुपारी लेक झोपल्यावर त्याने तो नंबर शोधून काढला. बाईंच्या भावाला फोन लावला. ओळख दिली, गाडीचं सांगितलं, आणि अडखळत विचारलं, ताईंच्या घरात लहान मूल होतं का?



"भाचा होता माझा," भाऊ म्हणाला. "पाच वर्षांचा. मागे बसायचा. एक दिवस ताई त्याला घेऊन घरी येत होती. पोरगं एकदम गप्प झालं, तिला वाटलं झोपलं. चांगला अर्धा तास चालवत आली ती. घरी पोचल्यावर मागे वळली…"

"पट्टा?"

"हो. तुम्हाला कोणी सांगितलं?" मग तोच म्हणाला, "ताई सारखं एकच बोलायची. मी आरशात बघितलं असतं तर. मी नुसतं आरशात बघितलं असतं तर. वर्षभरात तीही गेली. गाडी दारात बघवेना, म्हणून मी विकली. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण घेईल कोण अशी गाडी?"

याने त्याला दोष दिला नाही. फोन ठेवला. सहा महिने आपण कोणाशी भांडत होतो, ते त्याला आता कळत होतं.

शनिवारी दुपारी तो गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला. आरसा परत चिकटवायचा होता, मागचा पट्टा नवीन टाकायचा होता. मिस्त्रीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "पट्टा पूर्ण बाहेर ओढला ना साहेब, की आत लॉक पडतो. मग तो फक्त आत जातो, बाहेर येत नाही. लहान मुलांना पट्ट्याशी खेळू देऊ नका, हे गाडी विकताना कोणी सांगत नाही." तुम्हीही लक्षात ठेवा रे. घरात पोरं आहेत.

आरसा चिकटला. सरळ. त्यानंतर तो कधीच वळला नाही.

मग मिस्त्री मागच्या सीटवर वाकला आणि जुना पट्टा उलगडून बाहेर घेतला. दोन्ही तुकडे उजेडात धरले. एका टोकाला कात्रीचा काप होता, घाईत मारलेला, तिरका. मिस्त्री तो बघत नव्हता. त्याच्या तीन बोटं खाली बघत होता.

"साहेब, हे कशाने झालं?"

तिथे पट्टा कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत तुटला होता. कापलेला नाही. चावलेला. धागे पिंजलेले, आणि दोन्ही बाजूंना बारीक खड्ड्यांची कमान.

"उंदीर असेल," फोटोग्राफर म्हणाला.

"उंदीर असा एका ओळीत चावतो होय?"

त्याने तुकडा हातात घेतला. वीस वर्षं जबड्यांचे फोटो काढत होता तो. लेकीचे वरचे पुढचे दोन्ही दात डिसेंबरात पडले होते. आणि ही कमान पूर्ण होती. वर आणि खाली. मोठ्या माणसाची.

त्याने त्या जागेवरून अंगठा फिरवला.

गुरुवारची रात्र कधीच सरली होती. शनिवारची भर दुपार, उन्हात उभी असलेली गाडी. बाकी सगळा पट्टा कोरडा ठणठणीत.

तेवढी जागा अजून ओली होती.