मूळ नोंद कायम

“पाय टेकवू नका,” मी म्हणाले, आणि तो खरंच टेकवता टेकवता थांबला.

सकाळचे सात. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागची फरशीची वाट नुकत्याच पडून गेलेल्या सरीने ओली. मी गुडघ्यांवर, हातात ताईची लाल नेलपॉलिश. समोर एक उंच मुलगा, बगलेत वही, एक पाय हवेत. त्याच्या बुटाखालून एक गोगलगाय आरामात वाट ओलांडत होती. पाठीवर माझा ठिपका, अजून ओला.

“उचलून घ्या ना तिला,” तो म्हणाला.

“एकदा सोडली की हात लावायचा नाही. नियम आहे.”

तो तसाच उभा राहिला. न डुलता, न कुरकुरता. मिनिटभराने विचारलं, “आता ठेवू?”

तो संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा होता आणि मॅडमनी त्याला माझ्याकडेच धाडलं होतं. मी प्राणीशास्त्राची. मॅडमच्या संशोधनात आम्ही दोघंच पदवीची पोरं, बाकी सगळे मोठे. त्या सकाळपासून मी त्याला बगळा म्हणायला लागले. त्याने मला काय नाव ठेवलं ते बरेच दिवस सांगितलं नाही…

काम सोपं होतं. वाटेलगतच्या बागेत सुतळीने आखलेल्या चौकोनातल्या गोगलगायी पकडायच्या, ठिपका देऊन सोडायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा पकडायच्या आणि त्यांत ठिपकेवाल्या किती निघतात, त्यावरून बागेत एकूण किती असतील याचा अंदाज बांधायचा. मी मोजणार, बगळा गणित करणार.

नोंदवहीचे नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी ऐकवले होते. पेन्सिल चालणार नाही, पान फाडायचं नाही. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण आणि सही. आणि खोडणंच चुकलं असेल तर खोडलेल्या ओळीखाली टिंबं द्यायची आणि लिहायचं, मूळ नोंद कायम.

बगळ्याला हे फार आवडलं होतं. माणसांनाही असा नियम हवा, म्हणाला. मी म्हटलं, तू खोडण्यासारखं काही बोलतच नाहीस. तो नुसता हसला आणि माझ्या पेनाचं चावलेलं टोपण काढून स्वतःच्या पेनाचं लावून दिलं.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. घरी बाबांनी सहा आठवड्यांची मुदत दिली होती. आमच्या मोजणीचं पोस्टर संशोधन परिषदेसाठी निवडलं गेलं तर पुढे शिकायचं. नाहीतर पदवी झाली की मामाच्या ऑफिसात बसायचं. मामाने खुर्चीही सांगून ठेवली होती. मी जेवताना पाय हलवायची, झोपेत आकडे पुटपुटायची. त्यात दुसऱ्या आठवड्यात माझी पहिली ठिपकेवाली वाटेवर कुणाच्या तरी बुटाखाली गेली. गोगलगायच ती. पण दोन दिवस मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

त्यानंतर आकडे विचित्र वागायला लागले. दर आठवड्याला ठिपकेवाल्या जास्तच सापडत गेल्या. बगळ्याचा अंदाज आठशेवरून सहाशेवर, सहाशेवरून चारशेवर आला. बागेत तर पानापानाखाली गोगलगायी. पाचव्या आठवड्याच्या बैठकीत मॅडमनी चष्मा काढून विचारलं, काय गं, निम्म्या गोगलगायी सुट्टीवर गेल्या का? बगळा वहीची पानं उलटत राहिला. कान तेवढे लाल.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच बागेत गेले. तो आधीच आला होता. वाटेवर वाकून एक ठिपकेवाली अलगद पानावर घेत होता. तिला चौकोनात ठेवलं, मग दुसरी… तिसरी.

“कधीपासून?” मी विचारलं.

तो दचकलाही नाही. “तू बोलायची बंद झालीस तेव्हापासून.”

मला ओरडायचं होतं. चौकोनातून गेलेली गोगलगाय गेली, हेच तर मोजायचं असतं. ती परत आणून ठेवली की ठिपकेवाल्या वाढणार आणि अंदाज कोसळणार. हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

“वाटेवर आली म्हणजे आपल्या हिशेबातून गेली, मग जगली तर काय बिघडलं, असं वाटलं होतं,” तो म्हणाला. “काल मॅडमनी विचारलं तेव्हा कळलं. आज शेवटचं उचलणार होतो आणि नऊ वाजता त्यांना सांगणार होतो. तुझं नाव येणार नाही.”

“आणि माझं पोस्टर?”

त्याने हातातलं पान खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, “पहिल्या दिवशी तूही मला थांबवलंच होतंस की.”

कुणाला काही कळलं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नऊपर्यंत मी ग्रंथालयाला किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मामाची खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आणि पानावर गोगलगाय तोलणारे ते लांब हातही. नऊला मी त्याच्या बाजूला उभी राहिले आणि पहिल्या दिवशी त्याचा पाय अडवून मीही गोगलगाय वाचवली होती, ती चूकही सांगून टाकली.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, आकडे गेले. यंदाचं पोस्टर नाही. मागच्या भिंतीशी, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे नवा चौकोन आखा आणि पहिल्यापासून करा. आणि वहीत कारण लिहा, दोघांनी सह्या करा.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. ताई फिस्सकन हसली, “गोगलगाय अन् पोटात पाय. कोण गं हा बगळा?” बाबा हसले नाहीत. न सांगता भागलं असतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी चहा ढवळून बशीत ओतला. मग म्हणाले, “मामाला मी थांबायला सांगतो. तू मोज.”

सकाळी सहीसाठी वही उघडली. पाच आठवड्यांच्या आकड्यांवर एकेक सरळ रेघ. शेजारी बगळ्याचं बारीक अक्षर: निरीक्षकाचा निष्काळजीपणा. आणि त्याच्या वर, एका रेघेने खोडलेलं, पण नियमाप्रमाणे स्वच्छ वाचता येणारं:

“कारण: गोगलगाय चिरडली की ती दोन दिवस बोलत नाही. मला ते दोन दिवस फार मोठे वाटतात.”

खाली मॅडमची हिरवी सही. बाजूला शेरा: वाचता येते.

मी पेन उचललं. टोपण त्याचंच होतं. खोडलेल्या ओळीखाली एकेक टिंब देत गेले… मग लिहिलं, मूळ नोंद कायम. सही. तारीख.

तो ग्रंथालयामागच्या वाटेने येत होता. मी वही उघडून त्याच्या हातात दिली. तो चालता चालता वाचायला लागला.

“पाय टेकवू नकोस,” मी म्हणाले.

तो थांबला. एक पाय हवेत, नजर वहीत. बुटाखाली जुनी लाल ठिपकेवाली, आपल्याच तंद्रीत. त्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. या वेळी मात्र तो डुलला, आणि मला त्याचं कोपर धरावं लागलं.

“ही आता हिशेबात नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग उचलू?”

“उचल.”

त्याने तिला पानावर घेतलं. कोपर मी सोडलं नाही… त्यानेही सोडवून घेतलं नाही.

“तू मला काय म्हणतोस, ते सांग आता,” मी म्हणाले.

“नियम,” तो म्हणाला. “माझ्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवसापासून तेच नाव आहे.”