न मोडलेलं मियॉक

कडाड्! स्वयंपाकघरात आवाज झाला, आणि पाच महिन्यांची गरोदर सुल्गी भिंतीला टेकून मटकन खाली बसली... सासूने मियॉक मोडलं होतं! बाळंतिणीच्या सूपासाठी आणलेलं ते पुरुषभर लांबीचं वाळकं समुद्रशेवाळ दुकानदारसुद्धा कधी दुमडून देत नाही, त्याच्या भावात कुणी घासाघीस करत नाही, कारण ते मोडलं की बाळंतपण अडतं असं या बंदरातली बाईन् बाई मानते. आणि बुनहुईने ते सुनेच्या डोळ्यांदेखत गुडघ्यावर धरून मोडलं होतं.

"तुझ्यासारख्या बिनआईबापाच्या पोरीची उस्तवार करून मी थकले! आता मला माझं आयुष्य जगू दे!"

"आई, माझं काय चुकलं ते तरी सांगा हो..."

"आई म्हणू नकोस मला!"

बोचकं उचलून बुनहुई जिना उतरली खरी, पण तिसऱ्याच पायरीवर थबकली. वरून हुंदका ऐकू येत होता. परत फिरावं, त्या लेकराला कवटाळावं, असं तिला वाटलं... पण ती वळली नाही.

कशी वळणार? गेल्या वर्षी सहाव्या महिन्यात सुल्गीच्या पोटातलं बाळ गेलं होतं. यंदाही डॉक्टरांनी बजावलं होतं, की अंगात रक्त नाही, बाळ वाढत नाही. आणि ही वेडी पोर आपल्या पानातलं अंडं सासूच्या भातावर सरकवून म्हणायची, "मला वास सहन होत नाही, आई." आरोग्य केंद्रातून गरजू गरोदर बायकांना खोकं मिळत असे. अंडी, दूध, गाजरं, काळं सोयाबीन, थेट दाराशी! बुनहुई गुपचूप जाऊन चौकशी करून आली. मुलगा मानहो मासेमारीच्या बोटीवर होता, ती स्वतः शाळेच्या भटारखान्यात राबायची. दोघांची मिळकत एकत्र धरली, की ती खोक्यासाठीच्या सरकारी मर्यादेच्या नखभर वर जात होती. नखभर!

"आणि मी त्या घरात नसलेच तर?" तिने केंद्राच्या खिडकीतल्या मुलीला विचारलं होतं.

"मग मर्यादेत बसेल, आजी. पण नुसतं कागदावरून नाव काढून चालायचं नाही. खरंच वेगळं राहावं लागेल."

बुनहुईला खोटेपणाचा मनस्वी तिटकारा होता. म्हणून ती खरंच निघाली. आणि समजावून सांगितलं असतं तर सुल्गीने पाय धरून अडवलं असतं, म्हणून हे भांडण. मोडलेलं मियॉक तसंच लांब दिसणारं, पण रोजच्या वापरातलं, जुनं होतं. सुनेच्या बाळंतपणाचं खरं मियॉक तिने आदल्या दिवशीच बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत नेऊन भिंतीवर सरळ टांगलं होतं.

खोली म्हणजे माशांच्या वासाने भरलेली, चार पावलांची जागा. दिवसभर चारशे पोरांना जेवू घालणारी ही बाई तिथे एकटीच भात आणि कोबीची आंबट किमची गिळायची. बोटीवरून परतलेल्या मानहोने येऊन नको नको ते सुनावलं, "असली आई कुणाला न मिळो!" एवढंही म्हणाला, पण तिने खरं कारण त्यालाही सांगितलं नाही. कामावर जाताना मात्र ती मुद्दाम सुनेच्या गल्लीतून वळायची. दाराशी खोकं दिसलं, की तिचा तो दिवस सणाचा! एकदा सुल्गी वाकून खोकं उचलताना दिसली. गाल भरले होते, पोट छान दिसत होतं. बुनहुई विजेच्या खांबाआड उभी राहून ढसाढसा रडली, हातमोज्यांनी डोळे पुसत.

नवं वर्ष लागलं. एका दुपारी खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात सुल्गी... आठ महिन्यांची, धापा टाकत.

"एवढे जिने चढून आलीस? अक्कल गहाण टाकलीस का?" बुनहुई ओरडली.

"केंद्रातल्या ताई आल्या होत्या," सुल्गी दाराची चौकट धरून म्हणाली. "म्हणाल्या, सरकारने मर्यादा वाढवली. म्हणाल्या, आता तुमच्या सासूबाईंना घरी आणा, खोकं बंद होणार नाही... आई, तुम्ही माझ्यासाठी गेलात? आणि मी रोज मनातल्या मनात तुम्हाला..."

"नक्की ना?" बुनहुईला त्यातलं एकच ऐकू आलं होतं. "माझा पगार धरूनसुद्धा? नीट विचारलंस?"

"दोनदा विचारलं! माझ्यासारख्या आणखी कितीतरी जणींना मिळणार आहे. रक्तसुद्धा वाढलंय माझं." बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली, आणि ती थबकली. छतापासून जमिनीपर्यंत मियॉक लोंबत होतं, काळंभोर, एकसंध. सुल्गीने त्याला हळूच बोट लावलं. "हे... मोडलं नव्हतं?"

"तुझं कसं मोडीन गं पोरी!"

मग मात्र बांध फुटला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मधल्या बाळाने अशी लाथ मारली, की बुनहुई रडता रडता हसली.

खाली टॅक्सी उभी केली. पण मियॉक काही केल्या आत जाईना. चालक वैतागला, "आजी, जरा दुमडा की! मोडलं तर असं काय बिघडतंय?"

"नाही!" दोघी एकदम ओरडल्या.

टॅक्सी निघून गेली. घर पंधरा मिनिटांवर होतं. एक टोक सासूने धरलं, दुसरं सुनेने, आणि दर दहा पावलांवर थांबत, "दमलीस का?" विचारत, त्या दोघी बाजारातून घराकडे निघाल्या, लोकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.