तेविसावा टाका

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'कपडे शिवून मिळतील' असे अजून लिहिलेले आहे. ते आता खरे राहिलेले नाही. गेली चार वर्षे लोक येतात ते बाह्या आखूड करून घ्यायला, कंबर सैल करून घ्यायला, पहिल्याच धुण्यात उसवलेले जोडून घ्यायला. आणि त्यांतले दहापैकी आठ कपडे ज्या एका ॲपवरून मागवलेले असतात, त्याचे नाव घेण्याचीही मला इच्छा नाही. पिशवी उघडली की प्लास्टिकचा उग्र दर्प येतो. आतल्या शिवणीला कापड इतके काटकसरीने सोडलेले असते की सैल करायचे म्हटले तर जागाच सापडत नाही.

स्वस्त ते वाईट, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की एका शर्टाला अमुक इतके कापड, अमुक इतका दोरा आणि एका माणसाची अमुक इतकी मिनिटे लागतातच. किंमत त्याहून खाली उतरली, तर उरलेला भार कोणी तरी सोसत असते. तो कोण सोसतो, हे विचारणे आपले काम आहे. वर्तमानपत्रांत या ॲपविषयी बरेच छापून येते: लहान कारागिरांचे नमुने उचलल्याच्या तक्रारी, कापडात सापडलेली रसायने, कोणालाच न दिसणारे कारखाने. ती कात्रणे मी एका फायलीत लावून ठेवतो.

"बाबा, ती फाईल गिऱ्हाइकाला दाखवत जाऊ नका," मुलगी म्हणते. "माणूस पँट आखूड करायला आलेला असतो, खटला ऐकायला नाही."

दुकानात मी कापतो आणि मशीन चालवतो. काजे ही करते. ही म्हणजे माझी पत्नी. तीस वर्षांत आमच्याकडचे एकही काज मशीनवर झालेले नाही. तिच्या काजाला तेवीस टाके आणि नऊ मिनिटे लागतात, आणि तेविसावा टाका उलटा पडतो. ज्या मावशीने तिला शिकवले ती डावखुरी होती. समोरासमोर बसून शिकताना शेवटचा टाका तेवढा आरशातल्यासारखा हातात बसला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तो सुधारायला सांगितला होता. "तुम्ही कापा, मी काज करते," ती म्हणाली, आणि वाद मिटला. माझ्या आयुष्यात इतक्या लवकर मिटलेला दुसरा वाद मला आठवत नाही.

त्या महिन्यात आम्ही मुलीसाठी राखाडी लोकरीचा कोट शिवत होतो. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि महिनाअखेरीस ती निघणार होती. आईने शिवलेल्या कोटाशिवाय मी जाणार नाही, हे तिने स्वतःच सांगितले होते. कोट माझ्याकडून पुरा झाला होता. राहिली होती सहा काजे. हिची एक सवय अशी की ती सगळी काजे आधी कापून घेते आणि मग एकेक शिवते. कापलेले काज पुन्हा बुजत नाही. त्यामुळे मागे फिरायची सोय राहत नाही, असे ती म्हणते. सहाही कापून झाली होती आणि दोन शिवून झाली होती, तेव्हा समोरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई एक निळा कोट घेऊन आल्या.

"बाही बोटभर कमी करा," त्या म्हणाल्या. "आणि बोलणी आधीच खाऊन घेते. हो, त्याच ॲपवरचा आहे. चहाच्या चार कपांच्या किमतीत मिळाला."

मी कोट उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. काजे हातची होती. मी टाचणीच्या टोकाने टाके मोजले. तेवीस भरले. तेविसावा उलटा होता.

बाई गेल्यावर मी हिला हाक मारली. तिने चष्मा लावून काज पाहिले, अंगठ्याने दाबून पाहिले.

"हा कोट मी कधी केला?"

"तू केलेला नाहीस."

"मग माझ्या भुताने केला असेल," ती हसत म्हणाली. "बरं आहे की. त्याला सांगा, उरलेली चारही करून टाक म्हणावं."

मला हसू आले नाही. एका कोटाची सहा काजे म्हणजे पाऊण तासाहून अधिक वेळ. चहाच्या चार कपांत तो कोणाचा पाऊण तास बसला होता?

मी ॲपवर तक्रार नोंदवली. 'नक्कल' या सदराखाली ती बसत होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, मूळ काम आपलेच असल्यास त्याचे तपशीलवार वर्णन पाठवावे.

वर्णन माझ्याकडे मागितले गेले, हे त्या लोकांचे दुर्दैव, असे मला तेव्हा वाटले. मी चार पाने लिहिली. दोरा मेणावरून किती वेळा ओढावा, सुई कापडाच्या पोटातून कोणत्या कोनात वर आणावी, गाठ ओढताना करंगळी कशी आडवी धरावी, हे सगळे मी हिच्या शेजारी बसून, तिला थांबवून थांबवून, एकेक वाक्य तीनदा घासून लिहिले. त्यात एक शब्द उणा नव्हता. सोमवारी ते पाठवले.

गुरुवारी ही कोटाचे तिसरे काज शिवायला बसली आणि मध्येच थांबली.

"अहो, हे जरा मोजा."

बावीस टाके झाले होते आणि काज संपले होते. शेवटचा टाका सरळ होता.

"नजर हलली असेल," मी म्हणालो. तिने ते उसवले, पुन्हा घातले, पुन्हा बावीस. तिसऱ्यांदा उसवल्यावर ती सुई टाचण्यांच्या उशीत खोचून उठली.

त्याच दिवशी ॲपचे उत्तर आले. वर्णन मिळाले, पुरावा मात्र अपुरा आहे, मूळ कारागीर काम करत असतानाचे चित्रण जोडावे.

मुलीला हे पटले नाही. "बाबा, जाऊ द्या ना. ते काय तुमचं वाचून रडणार आहेत?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुमचा प्रत्येक प्रश्न तत्त्वाचाच असतो. आईचा हात दुखतोय, तो कुठल्या सदरात टाकू?"

मी चित्रण केले. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, तिच्या हातांवर फोन रोखून, नऊ मिनिटे. कोट तोच राखाडी होता. त्या सकाळी तिसरे काज नीट झाले: टाके तेवीस, शेवटचा उलटा. मला हायसे वाटले आणि चित्रण मी लगेच पाठवून दिले.

दुपारी तिने चौथे काज हातात घेतले. अकरा टाक्यांवर हात थांबला. ती सुईकडे बघत राहिली.

"पुढे काय करायचं असतं हो?"

तिचा आवाज अगदी साधा होता. रस्ता विचारावा तसा.

डॉक्टरांनी तिची मूठ आवळून पाहिली, बोटांना टाचणी टोचून पाहिली, बटणे उचलायला लावली. हात ठणठणीत होता. ती कागदावर सही करू शकत होती, कांदा बारीक चिरू शकत होती. फक्त सुई धरली की बोटे पोरकी होत. डॉक्टर म्हणाले, वय झाले, विश्रांती द्या.

तारखा मी डायरीत लिहिल्या होत्या. ती माझी सवय आहे. सोमवारी वर्णन, गुरुवारी बावीस टाके. सकाळी चित्रण, दुपारी अकरा. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव असतोच असे नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सुनावत आलो आहे. ते मी स्वतःलाही सुनावले. आणि पुढच्या उत्तरात त्यांनी मूळ कारागिराच्या उजव्या हाताची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे मागितली, तेव्हा मी एक पूर्ण दिवस विचार केला.

"पाठवून टाका," ही म्हणाली. "एकदाचं मिटू दे. तुम्ही हरलात की महिनाभर घरात बसवत नाही."

तिने हात टेबलावर ठेवला, आधी पालथा, मग उताणा. मी छायाचित्रे पाठवली.

दोन दिवसांनी मी दाखला म्हणून ॲपवरचे ते निळे कोट पुन्हा उघडले. आता त्यांचे चाळीस प्रकार झाले होते. प्रत्येकाखाली वस्तूचे वर्णन होते, आणि पहिल्याच ओळीशी मी थांबलो. 'सुई कापडाच्या पोटातून, दोऱ्याला ताण न देता, तिरकी वर आणावी. घाई केल्यास गाठ रुसते.' गाठ रुसते, हा माझा शब्दप्रयोग होता. स्वल्पविरामही माझेच होते.

मी मदत-कक्षाशी बोलणे सुरू केले. ते फोनवर लिहूनच होते.

'तक्रार मागे घ्यायची आहे.'

'आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.'

'मी दिलेले सगळे परत करा.'

'आपण दिलेली माहिती पूर्ण आहे. यापुढे काही पाठवण्याची गरज नाही.'

'पूर्ण म्हणजे काय?'

'आपण खूप काळजीपूर्वक लिहिता. धन्यवाद.'

त्यानंतर माझ्या कोणत्याही प्रश्नाला उत्तर आले नाही. तक्रारीसमोर 'समाधान झाले' असा हिरवा शेरा पडला. तो बदलण्याची सोय कुठेही नव्हती. मी सगळ्या ठिकाणी शोधले. शोधण्यात मी कमी पडत नाही.

राखाडी कोट टेबलावर पडून होता. तीन काजे पुरी, चौथे अर्धे, दोन नुसतीच कापलेली; त्यांच्या कडांची लोकर सुटायला लागली होती. मुलीच्या निघण्याला चार दिवस उरले होते. मी माझी ती चार पाने पुढ्यात घेतली आणि सुई उचलली. त्या पानांवरून साऱ्या जगाला काज करता येत होते. मला आले नाही. माझ्या हाताखाली लोकरीचा नुसता गुंता झाला, आणि ही शेजारी बसून तो कौतुकाने पाहत होती.

"अवघड असतं, नाही?" ती म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी पार्सल आले. कोणी काही मागवले नव्हते. चिठ्ठीवर 'तक्रारीच्या समाधानार्थ, सप्रेम' एवढेच होते. आत राखाडी कोट होता. लोकर तीच, अस्तर तेच. मुलीचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे, हे तिचे माप घेणाऱ्या मलाच ठाऊक. या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरता होता.

"जाळून टाकू," मी म्हणालो.

"आणि मी काय घालून जाऊ?" मुलीने विचारले. तिने आमचा कोट उचलून पाहिला, ती उघडी भोके पाहिली, आणि तो हळूच घडी करून बॅगेत तळाशी ठेवला. "तिकडे कडाक्याची थंडी आहे, बाबा."

सकाळी तिने पार्सलचा कोट अंगात घातला. ही चष्मा लावून जवळ गेली. तिने पहिल्या काजावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"कुणाचा तरी हात छान बसलाय गं," ती म्हणाली. "अशी काजं हल्ली कोण करतं? भेटली तर विचारायला हवं तिला, कुठे शिकलीस म्हणून."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही.

ही खुर्चीत जाऊन बसली. मी मुलीची बटणे लावू लागलो.

काजे कोमट होती.

पार्सल रात्रभर फरशीवर पडलेले होते. खोलीत गारठा होता. तरीही एकेका काजाची कड, नुकतीच चिमटीतून सुटल्यासारखी, कोमट होती.

सहाव्या काजापाशी दोऱ्याचे टोक लोंबत होते. या कपड्यांना ते हमखास असते. पिशवी फोडली की माणूस आधी तेच तोडतो. मी सवयीने ते दोन बोटांत धरले आणि ताणले.

"आई गं," ही म्हणाली.

मी वळून पाहिले. ती खुर्चीत होती, आमच्यापासून पाच पावलांवर. तिने उजवा हात झटकला होता आणि आता ती करंगळीकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. ओढल्यासारखं झालं."

मी टोक सोडून दिले. कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. मुलीला एवढेच सांगितले, की तो दोरा तोडू नकोस. आणि तिने, बहुधा पहिल्यांदाच, का म्हणून विचारले नाही.

ती गेल्यावर मी फोन उघडला. तो राखाडी कोट ॲपवर आदल्या आठवड्यापासून विक्रीला होता. चार हजारांवर नग गेले होते. त्यांतले बरेच त्याच सकाळी लोकांच्या घरी पोहोचत होते.

ही खिडकीशी बसून रस्ता पाहत होती. दुपारपर्यंत तिने हात सतरा वेळा झटकला. मग मी मोजणे सोडले.