सोनबर्डीचा चुनाद

सोनबर्डीत आता गिझर मरत नव्हते. खारपाणपट्ट्यातल्या या गावाला त्याचं केवढं अप्रूप! पूर्वी हौसेनं नवा गिझर घ्यावा, वर्षभरात त्याच्या कॉइलवर पांढरा जाड थर चढावा आणि ऐन थंडीत ती जळून जावी. वॉशिंग मशीनमधून कपडे पापडासारखे कडक होऊन निघायचे. नळाच्या तोट्या, शॉवरची भोकं, कूलरच्या जाळ्या सगळं बुजायचं. जड पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि दिसेल त्याला चिकटतो. खोड एवढीच, पण तिनं गावाच्या नाकी नऊ आणले होते.

मग डॉ. नलिनी देवतळेंनी प्रयोगशाळेत चुनाद घडवला. चुना खातो तो चुनाद. हा जंतू पाण्याच्या टाकीत सोडला की पाइप, गिझर, जिथे थर असेल तिथे जाऊन तो फस्त करायचा. त्याला अक्कल एकच दिली होती: जिकडे चुना वाहता, तिकडे सरकायचं. माणसाच्या पोटात गेलाच तर तिथल्या आम्लात मरून जायचा. तीन वर्षं सगळं झकास चाललं.

आणि प्रांजलीचं मनगट मोडलं. ती पडली नाही, कुठे आपटली नाही. बाळाचा लंगोट पिळत होती, तेवढ्यानं.

आज डॉ. देवतळे तिच्या आईच्या, गोकर्णाबाईंच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोरचा चहा निवून गेला होता. आतल्या खोलीत प्रांजली, हाताला प्लास्टर, कुशीत दीड महिन्याची पोर.

"मावशी, बाळंतिणीला विडा देत होतात?"

"म्हंजे काय! दोन्ही जेवनांवर. चांगला चुना लावून. हाडं भरतात त्यानं. माह्या सासूनं मले देल्ला, मी लेकीले देल्ला."

"आणि वरून पाणी?"

"नळाचंच. दुसरं कुठून आणू?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "चुनाद पोटात मरतो का, हे आम्ही चहाबरोबर तपासलं, वरणाबरोबर तपासलं, औषधांबरोबरसुद्धा तपासलं. विडा आमच्यापैकी एकालाही सुचला नाही! तोंडातल्या ओल्या चुन्यात चुनाद अंगाभोवती कवच करून घेतो. मग पोटातलं आम्ल त्याचं काही वाकडं करू शकत नाही. तो रक्तात जातो, रक्तातून हाडांत; तिच्या मोडलेल्या हाडात तो सापडलाय. हाड म्हणजे शेवटी चुनाच."

"म्हंजे मीच..." गोकर्णाबाई म्हणाल्या. "नको म्हने ती. तोंड भाजते म्हने. तरी मी तिच्या मागं लागून भरवला वं माय!" त्या एकदम उठल्या. "काढा त्याले बाहेर. औषध असंन न काही!"

"हाडात शिरून त्याला मारेल असं औषध नाही. शोधतेय, पण आज नाही." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "तो तिच्या अंगातून बाहेर पडतोय मात्र. दुधातून."

दूध येतं तेव्हा आईचं शरीर स्वतःच्या हाडांतला चुना काढून दुधात घालतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. वाहता चुना दिसला की चुनाद त्याच्या मागे जाणारच. प्रांजली आणखी तीन-चार महिने पाजत राहिली तर तिची हाडं मोकळी होतील.

"मंग पाजू द्या न!" गोकर्णाबाईंचा चेहरा उजळला.

"आणि ते सगळं जातं कुठे, मावशी?"

गोकर्णाबाईंनी आतल्या खोलीत पोरीकडे पाहिलं.

"पंपानं काढून फेकू," गोकर्णाबाई म्हणाल्या.

"ती दवाखान्यात होती तेव्हा आठवडाभर करून पाहिलं. बाळानं ओढल्याशिवाय हाडं चुना सोडत नाहीत. बाळाच्या अंगात गेलेले चुनाद अजून थोडे आहेत. आज दूध तोडलं तर पोर निभावेल. नाही तोडलं तर पोर कधी बसायचीसुद्धा नाही."

"अन् तोडलं तर माही प्रांजली?"

"औषध मिळेपर्यंत तो तिची हाडं खात राहील," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दारात प्रांजली उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. तिनं पोरीचा एक मुका घेतला आणि तिला आईच्या हातात दिलं.

"आजपासून वरचं दूध दे तिले. माह्याजवळ आणू नको. रडली तं मले राहवणार नाई."

"अवं, पन तुले काही झालं तं..."

"आई, मी माय हाय तिची!"

"अन् मी कोनाची माय हाय?" गोकर्णाबाई ओरडल्या.

प्रांजली आत गेली. गोकर्णाबाईंनी डोळे पुसले. डॉक्टर सांगत होत्या ते सगळं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. बाटली कशी उकळायची, दूध किती घालायचं, प्रांजलीला दुखण्यावरची गोळी कधी द्यायची. 'हो बाई, हो बाई' म्हणत त्यांनी डॉक्टरांना फाटकापर्यंत पोचवलंही.

दुपारी गोळी घेऊन प्रांजली गाढ झोपली. पोर भुकेनं कळवळत होती. ओट्यावर बाटली भरून ठेवलेली होती. गोकर्णाबाईंनी बाटलीकडे पाहिलं नाही. त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं, लेकीच्या कपाळावरून हात फिरवला, तिच्या गाऊनची बटणं सोडली आणि नातीला तिच्या छातीशी लावलं.

"पे माय," त्या हुंदका दाबत म्हणाल्या, "सगळं पेऊन घे."